तीन घाटांचा दिवस

वाशिमहून उत्तरेला सरळ निघालं की सकाळ ते संध्याकाळ वऱ्हाडाचे तिन्ही मजले ओलांडून होतात. बालाघाट, पायनघाट, मेळघाट. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये वऱ्हाड याच तीन भागांत मांडलेलं आहे: दक्षिणेचं पठार, मधलं पूर्णेचं खोरं, उत्तरेचा सातपुडा. आपण शाळेत जिल्हे पाठ केले, घाट केले नाहीत. आणि जिल्ह्यांचा तर काही भरवसा नाही. बाशिम जिल्हा १९०५ साली मोडला, १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून पुन्हा निघाला. घाट होते तिथेच आहेत.

*

डिसेंबरचा पहिला पंधरवडा. अकोला नाक्यावर चहा घेतला तेव्हा पुरतं उजाडलं नव्हतं. सोयाबीन केव्हाच निघाला. वावरं मोकळी, धुऱ्यावर कुटाराचे ढीग दवाने काळपट पडलेले. उभी आहे ती एकटी तूर, शेंगांनी वाकलेली. ज्याच्या विहिरीला पाणी त्याचा हरभरा आणि गहू हिरवा, बाकी सगळीकडे तपकिरी रंग. पठारावरची जमीन फार खोल नाही. टेकाडावर मुरूम, उतरणीला हलकी, नाल्याकाठी तेवढी काळी. एकाच शेतकऱ्याच्या पाच एकरांत या तिन्ही जाती सापडतात.

*

गावातून निघताना आठवलं म्हणून नोंद. हे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न इथेच लावून दिलं आहे. नाक्यावरच्या चर्चेचा विषय मात्र सोयाबीनचा भाव. ती चर्चाही चांगली रंगते.

*

मालेगावच्या आसपास जमीन नकळत कूस बदलते. इथून मागे, रिसोड-वाशिमकडे पडलेला पाऊस पैनगंगेला मिळतो. पैनगंगा वर्धेत, पुढे प्राणहिता, गोदावरी, आणि शेवटी बंगालचा उपसागर. पुढे पडलेला पाऊस काटेपूर्णेला, काटेपूर्णा पूर्णेला, पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. रस्त्यावर याची कुठेही पाटी नाही. एका धाब्याच्या टीनावरचं पाणी दोन समुद्रांत वाटलं जाणं अगदी अशक्य नाही.

*

मालेगावपाशी समृद्धी महामार्ग आडवा येतो. नागपूर ते शिर्डीचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, उरलेला मुंबईपर्यंतचा जून २०२५ मध्ये. एकूण ७०१ किलोमीटर. तो काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ या दोन्ही अभयारण्यांच्या अंगाने जातो, म्हणून वन्यप्राण्यांसाठी पूल बांधून वरून-खालून वाटा काढल्या आहेत. कारंजा-सोहोळ म्हणजे काळविटांचं माळरान, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं. काळवीट हा उघड्यावरचा प्राणी. दूरवर दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळीक पाहिजे, एवढंच त्याचं मागणं. भिंतींमधून बोगद्याच्या तोंडात शिरायला त्याला किती वर्षं लागतात हे बघायला हवं. मला पूल आवडला, पण पुलाखाली गवत हवं. ते लावणं कंत्राटात बसतं की नाही कोण जाणे.

*

मेडशीच्या पुढे जंगल लागतं. सागवान, धावडा, सालई, मधे मधे तेंदू. फार उंच नाही, फार दाटही नाही. तोडून तोडून पुन्हा फुटलेलं. उजव्या हाताला, आत, काटेपूर्णा अभयारण्य. १९८८ सालचं, सुमारे ७४ चौरस किलोमीटर, वाशिम आणि अकोला दोघांच्या हद्दीत. इथला मानकरी चौशिंगा. चार शिंगं असलेलं जगातलं हे एकच रानटी हरिणवर्गीय जनावर, तेही फक्त भारतात आणि नेपाळात. दिसत सहसा नाही. एकटा-दुकटा, पाण्याच्या जवळ, झुडपात. वाशिमकर मेळघाटात वाघ बघायला जातात आणि घरचा चौशिंगा बघायचा राहून जातो.

पातूरचा घाट उतरलो. काही वळणांत पठार संपलं. कानात दडे बसण्याएवढी उंची नाही, पण खालची हवा वेगळी. धुकं खाली साचलेलं होतं, आम्ही वरून त्यात शिरलो.

*

अकोल्याबद्दल काही लिहीत नाही. शहर ओलांडायला घाटापेक्षा जास्त वेळ गेला. एकच गोष्ट: या शहराच्या नळाला काटेपूर्णेचं पाणी येतं, महानच्या धरणातून. म्हणजे मालेगाव तालुक्याचा पाऊस अकोलेकर पितात. वाशिमने कधी उपकाराची भाषा केल्याचं ऐकलं नाही.

*

अकोल्याहून अकोटच्या रस्त्याला लागलं की खारपाण पट्टा. दिवसातला सगळ्यात जास्त वेळ इथेच काढला, आणि सोबतच्यांनी त्याबद्दल कुरकुरही केली. “इथं काय बघायचं?” बरोबर आहे. झाड नाही, टेकडी नाही. बाभळी, हिवर, तेही बांधाला. आभाळ मात्र पूर्ण.

रस्त्याच्या कडेला उतरून माती हातात घेतली. वरचा थर बोटांनी चुरडला तर पिठासारखा बारीक. जिथे पाणी साचून वाळलं तिथे पापुद्रा, त्यावर पांढुरकी झाक. ढेकूळ दोन्ही हातांनी फुटेना. भेगा आत्ताच बोटभर रुंद झाल्या आहेत, चैत्रात हात जाईल. या चिकणमातीत सोडियम जास्त. ओली झाली की फुगते, तिची छिद्रं बुजतात, पाणी खाली उतरत नाही, वर तुंबून राहतं. खाली भूजल आहे, पण खारं. ते उपसून पिकाला द्यावं तर क्षार वर येऊन बसतात आणि जमीन आणखी कडक होते. विहीर आहे आणि ओलीत नाही, असा हा प्रदेश: अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत साडेचार लाख हेक्टरांहून जास्त.

म्हणून इथला शेतकरी पावसावर आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर जगतो. खरिपात पऱ्हाटी, मूग, तूर. नंतर ओल टिकली तर हरभरा, पाण्याच्या एकाही पाळीशिवाय. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. बाया कमरेला ओटी बांधून ओळी धरत होत्या. बोंडाचं टोक नखाएवढं काटेरी असतं. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या दिसतात.

*

याच रानात जनावर भरपूर आहे. रोही, हरणं, डुकरं. हरभऱ्यात एका माचाणापाशी थांबलो. मालक रात्रभर जागून आता घोंगडी गुंडाळत होता.

“रोही काईच ठेवत नाई भाऊ. रातभर जागल कराव लागते. डबडे वाजवा, फटाके फोडा, अर्ध्या घंट्यानं पुन्हा हजर.”

“आणि पाणी?”

“बोअरचं पानी ढोरंही तोंडात घेत नाई.”

त्याच वेळी वावरावरून एक पक्षी तरंगत गेला. लांब पंख, जमिनीपासून हात-दोन हात वर, पंख न हलवता. भोवत्या. हे शिकारी पक्षी हिवाळ्यापुरते आपल्याकडे येतात, मध्य आशियातल्या, कझाकस्तानाकडच्या गवताळ मैदानांतून. तिकडे बर्फ पडायच्या आत निघायचं, आणि हजारो किलोमीटर ओलांडून या उघड्याबोडक्या वऱ्हाडात उतरायचं. उत्तरेचं खरं रान आम्ही बघायला निघालो होतो. ते आधीच पूर्णेकाठी येऊन नाकतोडे आणि उंदीर वेचत होतं.

“ह्या पाखराचं बरं हाय,” मालक म्हणाला, “ते हरभरा नाई खात.”

झाड नाही म्हणून जंगल नाही, हा आपला हिशेब या पट्ट्याने खोटा ठरवला आहे. वनखात्याच्या दप्तरी मात्र अजून झाडांचाच हिशेब चालतो. माळ म्हणजे पडीक.

*

गांधीग्राम. पूर्णा. पात्र मोठं, धार बारीक, काठ उभे कापल्यासारखे, मातीचे. जुना ब्रिटिशकालीन पूल २०२२ साली तडे गेल्यामुळे बंद पडला आणि अकोटकरांना काही महिने लांबचे फेरे पडले. श्रावणात अकोल्याचे कावडवाले इथूनच भरणे भरून राजराजेश्वराला नेतात. खांद्यावर रात्रभर पाणी, अनवाणी. खाऱ्या मुलखात नदीचं गोडं पाणी खांद्यावरून नेण्याला पूजेपलीकडेही अर्थ असावा असं मला वाटतं. कावडवाल्यांना विचाराल तर ते हसतील.

*

डाव्या हाताला कुठेतरी रेल्वे. एके काळी जयपूरची मीनाक्षी एक्स्प्रेस मीटरगेजवरून खांडवा, अकोट, अकोला, वाशिम करत पूर्णा जंक्शनकडे जायची. म्हणजे वाशिमच्या फलाटावर बसलेला माणूस डबा न बदलता मेळघाटातून पार होत असे. धूळघाटला लोहमार्ग स्वतःलाच वेढा घालून, स्वतःच्याच वरून जात असे. खिडकीतून आपलंच शेपूट दिसायचं. अकोला-पूर्णा २००८ साली ब्रॉडगेज झालं. अकोटची गाडी १ जानेवारी २०१७ पासून थांबली आणि २०२२ च्या शेवटी अकोल्यापर्यंत पुन्हा सुरू झाली. अकोटच्या पुढचा जंगलातला जुना मार्ग नको, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला वळसा घालून न्या, असा आग्रह झाला. मला तो पटतो. धूळघाटच्या वेढ्याची हळहळ वाटते, तीही खरी.

*

अकोटच्या अलीकडेच निळसर रेघ दिसू लागते. आधी वाटतं धूर. मग ती जागची हलत नाही.

अकोटच्या पुढे, अंजनगावकडे, दहा-पंधरा किलोमीटरांत सगळं पालटलं. केळी, संत्री, पानमळे, शेवरी-पांगाऱ्यावर चढवलेली पानपिंपळी. विहिरीला मोटर, मोटरीला पाणी, पाणी गोड. कारण पायाखाली आहे: सातपुड्यातून धावत आलेल्या नद्या डोंगर सुटताच दगडगोटे टाकून देतात; त्या भरडाच्या थरात पाणी मुरतं आणि साठतं. पुढे खोऱ्यात बारीक गाळ, तिथे खारपाण. नदी तीच, टाकलेला माल वेगळा.

आणि खारपाणातली गावं पितात काय? अकोट-तेल्हाऱ्याकडची ८४ खेडी योजनेवर, वानच्या धरणातून; वान म्हणजे मेळघाटचं पाणी. दक्षिणेच्या टोकाला अकोला शहर काटेपूर्णेवर. मधल्या पायनघाटाला दोन्ही बाजूंचे डोंगर पाणी पाजतात. आजच्या दिवसाची माझ्यापुरती एवढीच मोठी नोंद. वरचं जंगल राखायचं ते वाघासाठी, असं म्हणून खालच्या माणसाला त्यातून मोकळं करून टाकतात. तो मोकळा नाही.

*

नरनाळा लांबून पाहिला. महाकाली दरवाजा १४८७ सालचा, बहमनी अमलातला. चढून जायला अख्खा दिवस हवा, तेव्हा पुन्हा कधीतरी.

त्याच अंगाला, डोंगर उतरल्यावर, नव्या वस्त्या दिसतात. बारुखेडा, नागरतास, अमोना, गुल्लरघाट, केलपाणी, सोमठाणा: व्याघ्र प्रकल्पातून खाली आणलेली गावं. जंगलाच्या नजरेने पुनर्वसन यशस्वी. सोडलेल्या गावठाणांवर गवत माजलं, सांबर आलं, त्याच्यामागे वाघ आला. माणसाच्या नजरेने गणित तेवढं सरळ नाही. जानेवारी २०१९ मध्ये काही गावकरी सोयी मिळाल्या नाहीत म्हणून परत वर गेले, संघर्ष झाला, डोकी फुटली. पैसा खात्यात जमा होतो, मोहाची झाडं होत नाहीत.

*

अचलपूर-परतवाडा. इमादशाहीची राजधानी, नंतर इंग्रजी छावणी, आता संत्री आणि लाकूड. वाशिमशी याचं जुनं नातं निघतं: १९०५ साली दोन्ही जिल्हे एकदमच मोडले. वाशिमला आपला परत मिळाला. अचलपूरची मागणी अजून चालूच आहे. शकुंतला रेल्वेही याच दोन मुलखांना जोडायची. यवतमाळहून कारंजा, मूर्तिजापूर, तिथून अचलपूर, अडीच फुटी रुळांवर. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. कापूस वाहायला घातलेली, माणसं वाहत म्हातारी झाली.

जवळच पायविहीर. बोडक्या टेकड्यांचं गाव. २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला, चर खणले, चराई आवरली, सीताफळं जगवली. २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार. आज सीताफळाच्या हंगामात गावाला स्वतःची बाजारपेठ आहे. जंगल सरकारने राखावं की गावाने, या वादात मी पायविहीर बघून एका बाजूला झालो आहे.

*

परतवाड्यापुढे चढ. पहिल्या काही वळणांवर समोरून जीपगाड्या येत राहिल्या, टपावरही माणसं. बोचकी, पातेली, एक कोंबडी, मांडीवर पोरं. कोरकू कुटुंबं. दिवाळी झाली की वरची शेती संपते, मग खाली उतरायचं: कापूस वेचायला, तूर सोंगायला, संत्र्याच्या बागांत, वीटभट्ट्यांवर. होळीला परत. फगवा मागायला कोरकू माणूस कुठूनही घरी येतोच. आम्ही जंगल बघायला वर चाललो होतो, जंगलातली माणसं आमचा कापूस वेचायला खाली.

सकाळी खारपाणात पाहिलेल्या चिरा पडलेल्या बोटांपैकी काही याच डोंगरातली असतील.

*

घटांगला चहा. म्हशीचं दूध, गवळ्यांचं. “बस ना भाऊ, गाडी काय पळून जाते?” चहावाली माय म्हणाली. मोबाइलची रेंज इथे गेली ती गेलीच.

टपरीमागे सागाचं झाड. पान तोडून उन्हात धरलं तर नुसती जाळी; शिरा शाबूत, मधला हिरवा भाग खाऊन फस्त. सागाच्या पानांवरची ही बारकी अळी पावसाळ्याच्या शेवटी डोंगरच्या डोंगर असे जाळीदार करून सोडते. लांबून वाटतं वणवा लागून गेला. झाड मरत नाही; पान तसंही माघ-फाल्गुनात गळायचंच असतं.

*

सेमाडोह. सिपना नदी काळ्या खडकांतून, पाणी थंड, तळाचे गोटे मोजता येतील इतकं नितळ. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, २२ फेब्रुवारी १९७४ चा. वाघ दिसला का, असं घरी गेल्यावर विचारतीलच. नाही. रानगवे दिसले, रस्त्याच्या वळणावर, तिघे. अंग काळं, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग बांबू खाण्यात गुंतले.

रानपिंगळाही दिसला नाही, पण त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मेळघाट पुरा होत नाही. ह्यूमने १८७३ साली त्याची नोंद केली. १८८४ नंतर तो कोणाला दिसलाच नाही. संपला असं धरून चालले. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि तिच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ, भर दिवसा, उघड्या फांदीवर बसलेला सापडला. दिवसा शिकार करणारा पिंगळा! नंतर मेळघाटात तो चांगल्या संख्येने आढळला. एकशे तेरा वर्षं तो लपून बसला नव्हता. बघणारे नव्हते. कोरकूंना तो ठाऊक असणारच, पण त्यांना विचारायला गेलं कोण?

मारुती चितमपल्ली याच प्रकल्पात उपसंचालक होते. असल्या गोष्टी कोरकूंना, गवळ्यांना विचारून लिहून ठेवणारा तो एक अधिकारी.

*

कोरकू गाव लगेच ओळखू येतं. मधे रुंद मोकळी गल्ली, दोन बाजूंना घरांच्या समोरासमोर सरळ ओळी. अंगण सारवलेलं, झाडलेलं. डिसेंबरात मात्र बऱ्याच दारांना काटकीची आडणी. माणसं खाली गेलेली. एका ओसरीवर म्हातारी आणि दोन पोरं. बोलणं कळेना. कोरकू ही संथाळी-मुंडारीच्या कुळातली भाषा; तिची जवळची नातलग झारखंडात, शेजारच्या वऱ्हाडीशी आणि गोंडीशी तिचं कूळ जुळत नाही. मास्तर मराठीत शिकवतो, पोर घरी कोरकू बोलतं, बाजारात हिंदी. पहिलीतल्या गळतीचं एक कारण तरी इथे सरळ दिसतं.

*

हरिसाल. २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. आम्ही थांबलो तेव्हा रेंजसाठी लोक एका ठरावीक कट्ट्यावर जमलेले होते. पुढे लवादा, इथे बांबूचं काम शिकवणारं केंद्र आहे. अंगच्या कलेला दाम देणारं, म्हणून मला हे डिजिटलपेक्षा जास्त पटलं. आडवाटेला बैरागड, डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी तिथे दवाखाना चालवला, २०१९ साली पद्मश्री मिळाली. कुपोषणावर मेळघाटात जेवढे अहवाल लिहिले गेले, त्यांचा ढीग कुटाराच्या ढिगाएवढा व्हावा.

*

धारणी. दिवस मावळला. थोडं पुढे तापी, तिच्या पलीकडे मध्य प्रदेश. सिपना, गडगा, खापरा, सगळ्यांचं पाणी तापीतच. सकाळी मालेगावजवळ ओलांडलेलं काटेपूर्णेचं पाणीही गांधीग्रामच्या पूर्णेमार्गे, जळगाव जिल्ह्यात चांगदेवला, त्याच तापीला मिळतं.

*

जाणार असाल तर: वाशिमहून अंधारातच निघा. टाकी परतवाड्याला भरून घ्या, घटांगपुढे मोबाइलवर विसंबू नका, जंगलातून गाडी चाळीसच्या वर नेऊ नका आणि दिवस मावळायच्या आत धारणी किंवा सेमाडोह गाठा. खाली येणाऱ्या जीपगाड्यांना घाटात आधी वाट द्या. त्यांना सकाळी वेचणीला पोहोचायचं असतं. आणि मधल्या खारपाणात एकदा तरी गाडी थांबवून खाली उतरा.